उडणं सोपं, उतरणं अवघड

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंचावर दरवर्षी प्राध्यापक बोलतात, डॉक्टर बोलतात, कीर्तनकार बोलतात. यंदा कार्यकारिणीनं राज्य शासनाच्या एका उपयंत्र्याला उभं केलं आहे. विषय कळण्याआधी दोघातिघांनी विचारलं, ‘काय, रस्त्यांच्या खड्ड्यांवर बोलणार का?’ त्यांना सांगितलं, खड्ड्यांवर बोलायला वरून लेखी परवानगी लागते. विमानांवर बोलायला लागत नाही. म्हणून आजचा विषय मायक्रोलाइट विमानांचा. त्यातही ती उडतात कशी हे नाही, तर खाली कशी येतात, आणि खाली येताना माणसाची पाचावर धारण का बसते, हे.

आणखी एक खुलासा. बोलणारा एकच असून ‘आम्ही, आम्ही’ म्हणतो आहे, ते मोठेपणासाठी नव्हे. आम्ही खरोखरच तिघं होतो. कृष्णपुऱ्यातल्या छत्र्यांच्या मागच्या बाजूला राहणारे, एका शाळेत शिकलेले, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये एकदमच भरती झालेले. त्यातला एक आज बँकेत आहे, दुसरा पुण्याला स्थायिक झाला, आणि तिसरा डिप्लोमा करून शासनाच्या नोकरीत लागला. तो हा तुमच्यासमोर उभा. जे सांगणार आहोत ते तिघांचं मिळून आहे, आणि पुण्याच्या मित्राला काल फोनवर वाचून दाखवलेलंही आहे.

लहानपणी आम्ही गच्चीवर पतंग उडवायचो तेव्हा बिजासनच्या बाजूला जाणारी विमानं दिसायची. तो विमानतळ आपल्या होळकर संस्थानाच्या काळातला. १९३५ साली संस्थाननं जागा निवडण्यासाठी टाटांच्या विमान कंपनीतल्या नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेतला होता. हे व्हिन्सेंट म्हणजे साधी असामी नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ नावाच्या चिमुकल्या विमानानं मुंबईला जुहूवर उतरले, आणि तिथून पुढे मद्रासच्या दिशेनं टपाल नेलं ते व्हिन्सेंट यांनी. त्या काळचं जुहू म्हणजे समुद्राकाठचं चिखलाचं मैदान. पावसाळ्यात तिथे उतरणं अशक्य व्हायचं, म्हणून पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवावा लागे. म्हणजे आपल्या देशातल्या विमानसेवेपुढचा अगदी पहिला प्रश्नसुद्धा उडायचं कसं हा नव्हता. उतरायचं कुठे, हा होता.

आता मायक्रोलाइट म्हणजे काय ते थोडक्यात. दोन माणसं बसतील एवढंच, माणसांसकट आणि पेट्रोलसकट साधारण साडेचारशे किलोंचं विमान. आपल्या घरापुढे उभ्या असलेल्या मारुतीपेक्षाही हलकं. काही विमानांना सांगाडा नळ्यांचा आणि वरून ताणलेलं कापड, तर काही नव्या विमानांचं अंग कार्बन फायबरचं. पुढे किंवा मागे एक लहान इंजिन. हे विमान अगदी कमी वेगातही हवेत तरंगतं, म्हणून छोट्या धावपट्टीवर उतरू शकतं. ऐकायला किती सोयीचं वाटतं! पण जी गोष्ट हलकी आणि सावकाश, तिच्यावर वाऱ्याची सत्ता जास्त. भरलेला ट्रक आणि रिकामी सायकल एकाच वेळी पुलावरून जात असतील, तर आडव्या वाऱ्याचा झोत कोणाला जाणवेल? मायक्रोलाइट ही ती सायकल.

मुंबईहून येणारं मोठं विमान उतरतं तेव्हा त्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. त्याला ताशी तीस किलोमीटरचा वारा म्हणजे त्याच्या वेगाचा आठवा हिस्सा. मायक्रोलाइट ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगानं येतं. त्याला तोच वारा म्हणजे एक तृतीयांश. हे त्रैराशिक लक्षात राहिलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

आता त्या दिवसाची गोष्ट.

एप्रिल महिना होता. एका धावपट्टीवर आमचं शिबिर होतं. कॅडेटला शिक्षकाच्या शेजारी बसवून एक फेरी मारून आणायचे. बाकीच्या पोरांना जमिनीवरची कामं. आमच्यातला एक, म्हणजे आजचा बँकवाला, त्या फेरीला विमानात होता. आम्ही उरलेले दोघं धावपट्टीच्या कडेला, वाऱ्याच्या पिशवीजवळ उभे. विंडसॉक म्हणतात तिला. खांबावर लटकणारी कापडी बाही. वारा जिकडे जाईल तिकडे ती तोंड करते आणि वारा किती आहे ते तिच्या फुगण्यावरून कळतं. एकाच्या हातात लाल झेंडी. धावपट्टीवर गाय आली, रोजडा आला, कुत्रं आलं किंवा काहीही वावगं दिसलं, तर झेंडी दाखवायची.

सकाळी साडेसहाला आकाश कसं घोटून ठेवलेल्या ताकासारखं शांत होतं. दहा वाजून गेले आणि माळव्याचं ऊन तापलं. विमान परत फिरलं, सरळ रेषेत खाली यायला लागलं, आणि त्याच वेळी ती पिशवी फिरली. आतापर्यंत धावपट्टीच्या रेषेत असलेली, ती आडवी झाली आणि चांगली टरारून फुगली. आम्ही दोघांनीही ते पाहिलं. एकमेकांकडेही पाहिलं. झेंडी हातातच राहिली. मनात एकच विचार, ‘साहेबांना दिसत असेलच की. ते एवढे मोठे अधिकारी. आपण कोण सांगणारे?’

विमान खाली आलं ते तिरकं. एक पंख वर उचलला गेला, एक चाक आपटलं, आणि विमान पुरुषभर उंच उसळलं. पुन्हा खाली येऊन आपटलं, पुन्हा उसळलं, आणि या वेळी नाक खाली झुकलं. आमच्या घशातून आवाजही फुटेना. तेवढ्यात इंजिन पूर्ण ताकदीनं गर्जलं, विमान थोडा वेळ जमिनीला समांतर धावलं आणि सावकाश वर गेलं.

दुसऱ्यांदा आलं तेव्हा वाऱ्याचा हिशेब धरून आलं होतं. पण शेजारच्या नांगरलेल्या शेतातून एक वावटळ उठली आणि धावपट्टीवरून आडवी गेली. विमान पायऱ्या चढल्यासारखं वर उचललं गेलं. पुन्हा इंजिनाची गर्जना, पुन्हा विमान वर. मग ते लांब निघून गेलं. दहा मिनिटं नुसतं घिरट्या घालत राहिलं. आम्हाला वाटलं, साहेबांना आता उतरता येत नाही. आपला मित्र गेला. त्याच्या आईला काय तोंड दाखवायचं?

तिसऱ्यांदा विमान आलं ते एक खांदा वाऱ्याकडे झुकवून. आधी एक चाक टेकलं, मग दुसरं, मग पुढचं. कोणी आजारी माणसाला पलंगावर निजवावं तसं. थांबलं. मित्र खाली उतरला, चार पावलं चालला आणि ओकला. नंतर त्यानं सांगितलं, पहिल्या दोन्ही वेळा साहेब एकच शब्द बोलले होते, ‘नहीं.’ आवाज न चढवता. आणि हात पुढे नेऊन थ्रॉटल उघडला होता.

साहेब आमच्याकडे चालत आले. पिशवीकडे बोट करून विचारलं, ‘ये कब घूमा?’

‘सर, आप फाइनल पे थे तब.’

‘देखा था?’

‘जी सर.’

‘झंडी किसके हाथ में थी?’

ज्याच्या हातात होती तो आज तुमच्यासमोर बोलतो आहे.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, ‘मैं ऊपर बैठा हूँ, इसका मतलब ये नहीं कि मुझे सब दिखता है.’ मग खिशातून डायरी काढली आणि आमच्यासमोर लिहिलं, ‘पहला अप्रोच, देर से छोड़ा.’ म्हणजे पहिला प्रयत्न सोडून द्यायला त्यांनाच उशीर झाला, टेकण्याआधीच सोडायला हवा होता, ही स्वतःची चूक त्यांनी नोंदवली. आमच्या झेंडीची नोंद केली नाही. ती आम्ही आमच्यापुरती करून ठेवली आहे.

घरी आल्यावर आजीनं विचारलं, ‘वरून राजवाडा दिसतो का रे?’ आईनं विचारलं, ‘थंडी वाजते का वर?’ चाळीतल्या पोरांनी विचारलं, ‘किती उंच गेला होतास?’ खाली कसा आलास, हे कोणीच विचारलं नाही. त्यामुळे आम्हाला सांगावंही लागलं नाही.

आता त्या दिवशी नक्की काय घडलं, ते पुढे अभ्यास करून आम्हाला जे समजलं ते सांगतो. यात घाबरवणाऱ्या चार-पाच गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट आडवा वारा. धावपट्टी सरळ असते, वारा तिला विचारून वाहत नाही. वारा बाजूनं असेल तर विमान नाक वाऱ्याकडे ठेवून खेकड्यासारखं तिरकं येतं. पण चाकं मात्र धावपट्टीच्या रेषेतच टेकायला हवीत, नाहीतर ती बाजूनं घासतात आणि विमान उलटू शकतं. म्हणून अगदी शेवटच्या क्षणी पायानं रडर दाबून नाक सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख खाली झुकवून धरायचा. एक चाक आधी टेकतं ते यामुळे. बघणाऱ्याला वाटतं तोल गेला. खरं तर तोल सांभाळण्यासाठीच ते केलेलं असतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याचा उतार. जमिनीजवळ झाडं, घरं, टेकाडं यांच्यामुळे वारा मंद असतो, वर जोरात असतो. समोरच्या वाऱ्यात येणारं हलकं विमान शेवटच्या शंभर-दीडशे फुटांत आलं की तो समोरचा वारा एकदम कमी होतो. पंखांना मिळणारी हवा कमी झाली की विमान धपकन खाली बसतं. म्हणून वारा असेल त्या दिवशी थोडा जास्त वेग ठेवून यायचं, असा नियम आहे. पण फार जास्त ठेवला तर जमिनीलगतच्या हवेच्या गादीवर विमान तरंगतच राहतं आणि धावपट्टी संपत येते.

तिसरी गोष्ट उसळी. टेकताना विमान उसळलं की नवशिका वैमानिक घाबरून नाक खाली दाबतो. पुढचं चाक आपटतं, विमान आणखी उसळतं, तो पुन्हा दाबतो. प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी. कारण माणसाचा हात विमानापेक्षा अर्धा क्षण मागे असतो. सहसा दुसऱ्या-तिसऱ्या उसळीत पुढचं चाक मोडतं. यावर उपाय एकच. उसळीशी झटापट करायची नाही. ताकद द्यायची आणि वर निघून जायचं. याला गो-अराउंड म्हणतात.

चौथी गोष्ट उन्हाची. आपली काळी माती तापली की तिच्यावरून गरम हवेचे खांब वर चढतात. नांगरलेलं शेत विमानाला वर ढकलतं, शेजारचं तळं किंवा हिरवा गहू त्याला खाली ओढतो. म्हणून मायक्रोलाइट उडवणारे पहाटे आणि संध्याकाळी उडतात, आणि भर दुपारी हँगरमध्ये चहा पितात. आमची ती फेरी अर्धा तास उशिरा निघाली होती. तेवढा अर्धा तास पुरला.

पाचवी गोष्ट डोळ्यांची फसवणूक. नेहमीपेक्षा अरुंद धावपट्टी दिसली की माणसाला आपण फार उंचावर आहोत असं वाटतं. तो खाली खाली येत जातो आणि जमीन अचानक समोर येते. म्हणून शिक्षक सांगतात, चाकाखाली बघू नका, धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे बघा. सायकल शिकताना वडील हेच सांगायचे, नाही का?

आता कोणी म्हणेल, एवढं भयंकर आहे तर लोक यातून जगप्रवास कसा करतात? करतात, आणि त्यात आपले लोक पुढे आहेत. १९८८ साली मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया मायक्रोलाइटनं लंडनहून दिल्लीला आले. त्याला २३ दिवस लागले. २००७ साली आपल्या हवाई दलाला ७५ वर्षं झाली, तेव्हा विंग कमांडर राहुल मोंगा आणि विंग कमांडर अनिल कुमार यांनी मायक्रोलाइटनं पृथ्वीप्रदक्षिणा केली. दिल्लीजवळच्या हिंडनहून निघून, चाळीस हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून, सुमारे ८० दिवसांत परत हिंडनला. आणि १३ मे २०१९ रोजी बोरिवलीची तेवीस वर्षांची आरोही पंडित एकटीनं छोट्याशा विमानातून अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या इकलुइटला उतरली. स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड अशा टप्प्यांनी. तिचं विमान ‘माही’, सगळं मिळून चारशे किलोंच्या आसपासचं. पुढे २०२१ च्या १५ ऑक्टोबरला, जे. आर. डीं.च्या त्या पहिल्या उड्डाणाच्या तारखेला, तीच मुलगी भुजहून अहमदाबादमार्गे जुहूवर उतरली.

या माणसांच्या उड्डाणांची वर्णनं वाचताना आम्हाला एक गोष्ट जाणवली. त्या प्रवासांत उडण्याइतकंच थांबणंही असतं. हवा नीट नसेल तर विमान दोराने बांधून ठेवायचं आणि वाट बघायची. लंडनहून जेट विमान काही तासांत दिल्लीला येतं, मायक्रोलाइटला २३ दिवस लागले. ते केवळ विमान हळू म्हणून नव्हे. अशा प्रवासात रोज नवं गाव, नवी धावपट्टी, नवा वारा, आणि संध्याकाळी पुन्हा तीच परीक्षा, खाली नीट यायची. जो वाट बघू शकत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये.

इंजिनच बंद पडलं तर काय, हा प्रश्न नेहमी येतो. जड विमान इंजिन बंद पडल्यावर काही वेळ आपल्या वेगाच्या जोरावर पुढे जातं. नळ्या-कापडाचं मायक्रोलाइट मात्र दोन-तीन सेकंदांत वेग हरवतं. म्हणून मनाच्या विरुद्ध, आधी नाक खाली करायचं. जमीन जवळ येते आहे हे दिसत असतानाही जमिनीकडेच तोंड करायचं, कारण वेग राहिला तर विमान हातात राहतं. वेग गेला की पंख हवेला धरत नाहीत. त्याला स्टॉल म्हणतात, आणि तो जमिनीजवळ झाला तर सावरायला जागा उरत नाही. आता बऱ्याच मायक्रोलाइटमध्ये अख्ख्या विमानासाठी मोठं पॅराशूट असतं. पण तेही उघडायला उंची लागते. शेवटच्या शे-दोनशे फुटांत तुमचा भरवसा तुमच्या हातावरच.

मग शेत शोधायचं. आमच्या शिक्षकांनी हे शिकवलं ते सगळं माळव्याच्या भाषेत होतं. देवळावरचा झेंडा बघा, वाऱ्याची दिशा कळेल. चुलीचा धूर बघा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधा. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरूनच चाला. नांगरलेल्या शेतात सरीच्या रेषेत उतरा, सरीला आडवं उतरलात तर चाक अडकणार. आणि पाऊस होऊन गेलेली काळी माती दिसली की दुसरं काहीही पत्करा. वरून ती गालिच्यासारखी दिसते, पण चाक टेकलं की गुडघाभर आत. विमान जागच्या जागी कोलांटी उडी मारतं. ज्यांनी भाद्रपदात सोयाबीनच्या शेतातून मोटारसायकल काढली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि जागा फार जवळ आली, उंची मात्र अजून जास्त आहे, तर? तर एक जुनी युक्ती आहे. एक पंख झुकवून, उलट बाजूचा रडर दाबून विमान मुद्दाम वाकडं करायचं. ते वाऱ्याला आडवं अंग देतं आणि वेग न वाढवता भराभर खाली येतं. ही हलक्या विमानांची आणि ग्लायडरची विद्या. पण १९८३ साली कॅनडात ती एका मोठ्या बोइंग ७६७ विमानाच्या कामी आली. त्या विमानात इंधन भरताना किलो आणि पौंड यांचा घोटाळा झाला आणि ते अर्ध्या वाटेत, आकाशात, कोरडं पडलं. दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हौशी ग्लायडर वैमानिक होते. त्यांनी ते अवाढव्य विमान गिमली नावाच्या जुन्या धावपट्टीवर याच युक्तीनं उतरवलं. सगळी माणसं वाचली. आमच्यासारख्या मोजमापवहीत जन्म घालवणाऱ्याला या गोष्टीतलं किलो-पौंडाचं प्रकरण झोप उडवून जातं. आकड्यापुढचं एकक नीट वाचलं नाही, एवढीच ती चूक.

मोजमापवहीचा विषय निघालाच आहे तर आमची एक सरकारी गोष्ट सांगून टाकतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी, एका गावात एका इमारतीचा स्लॅब पडायचा होता. जूनचा पहिला आठवडा. रात्री वळवाचा पाऊस होऊन गेलेला. सकाळी मिक्सर सुरू झाला, मजूर घमेली घेऊन उभे, ठेकेदार शर्टाच्या बाह्या सरसावून तयार. दुपारी वरिष्ठ पाहणीला यायचे होते. आम्ही सेंटरिंगखाली वाकून बघितलं तर एका कोपऱ्यातल्या बल्ल्या ताज्या भरावावर उभ्या होत्या आणि तो भराव रात्रीच्या पावसानं भिजला होता. बोटानं दाबला तर बोट आत गेलं.

ठेकेदार म्हणाला, ‘साहब, माल बन गया है.’ मिस्त्री म्हणाला, ‘कुछ नहीं होगा.’ आणि खरं सांगतो, त्या क्षणी मनात पुन्हा तेच आलं. एवढे अनुभवी लोक आहेत, त्यांना दिसत असेलच की. मग ती फुगलेली आडवी पिशवी डोळ्यांपुढे आली. आणि हातातली झेंडी.

मिक्सर बंद करायला सांगितला. कालवलेला माल वाया गेला. ठेकेदारानं दुपारी वरिष्ठांपुढे तक्रार केली. कामाची तारीख पुढे गेल्याबद्दल आम्हाला बोलणी खावी लागली. भराव काढून, खाली फळ्या देऊन, बल्ल्या पुन्हा उभ्या करून आठ दिवसांनी स्लॅब पडला. इमारत आजही उभी आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुमचं बरोबर ठरलं. नाही. तिथेच खरी गोम आहे. त्या बल्ल्या खचल्या असत्या की नसत्या, हे कधीच कोणाला सिद्ध करता येणार नाही. ठेकेदार आजही भेटला तर हसून म्हणतो, ‘उस दिन आपने मेरा सीमेंट फालतू में फिंकवाया.’ त्याला देण्यासारखं उत्तर आमच्याकडे नाही. जो अपघात झालाच नाही, त्याचा पुरावा कुठून आणणार? त्या एप्रिलमध्ये साहेबांनी दुसऱ्यांदा ‘नहीं’ म्हणून विमान वर नेलं, तेव्हा ते तसंच दामटून उतरवलं असतं तर कदाचित नीट उतरलंही असतं. कोण सांगणार? वेळेत माघार घेणाऱ्याला शाबासकी मिळत नाही. उलट जमिनीवर उभे असलेले आमच्यासारखे दोन पोरटे म्हणतात, यांना उतरता येत नाही.

हे सगळं आज इथे सांगायला कारण आहे. आमच्या बँकवाल्या मित्राची मुलगी, त्या दिवशी ज्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं त्याचीच मुलगी, यंदा एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये निवडली गेली. आता तिथली विमानं नवी आहेत. संरक्षण खात्यानं पिपिस्ट्रेल कंपनीची १९४ मायक्रोलाइट मागवली होती, त्यांतली बरीच एन.सी.सी.साठी होती. आरोही पंडितचं विमानही याच कंपनीचं. मुलगी खुशीत आहे, आणि तिची आजी काळजीत. गेल्या आठवड्यात गौरींच्या जेवणाला आम्ही त्यांच्याकडे होतो, तेव्हा आजींनी थेट विचारलं, ‘पाठवावं की नाही, तुम्ही दोघं सांगा. तुम्हाला माहीत आहे.’

मित्र वरणात पळी घालून गप्प बसला. इतक्या वर्षांत त्यानं घरात ती गोष्ट सांगितलीच नव्हती. त्या दिवशी पानावर बसून त्यानं पहिल्यांदा सगळी सांगितली. ओकण्यासकट. आजींनी पूर्ण ऐकून घेतली. मग नातीला म्हणाल्या, ‘जा. पण तिथे काही वावगं दिसलं तर मोठ्यांपुढे गप्प बसायचं नाही. बोलायचं. घरात बोलतेस तसं.’ आम्ही तासभर भाषण करतो आहोत ते त्या माउलीनं एका दमात सांगून टाकलं.

शेवटी आपल्या बाप्पाकडे वळतो. परवा विसर्जन आहे. दरवर्षी मखरातून मूर्ती खाली घेतो तेव्हा आपण काय करतो ते आठवा. चौघं जण पाट धरतात. मूर्ती जड, जागा अरुंद, पायाखाली फुलं आणि सांडलेलं तेल. त्या वेळी बाजूला उभं असलेलं एखादं पोर ओरडतं, ‘थांबा, सोंडेला झालर अडकतेय!’ आणि चौघंही जागच्या जागी थांबतात. कोणी म्हणत नाही, तू लहान आहेस, गप्प बस. पाट पुन्हा वर उचलतात, झालर सोडवतात, आणि मग सावकाश खाली घेतात. त्या दोन मिनिटांत आपल्या मंडळात अध्यक्ष आणि सतरंजीवरचं पोर यांच्यात काहीही फरक नसतो.

मागच्या सतरंजीवरच्या बाळगोपाळांना एवढंच सांगणं. परवा डोळे उघडे ठेवा. झालर अडकली तर ओरडा.

आमचं भाषण उतरलं. नीट उतरलं की उसळलं, ते आपण ठरवा.

गणपती बाप्पा मोरया!